स्वेच्छेने कबूल

श्यामला : परत सांगा. फॉर्मवर नेमकं काय विचारलंय? तुमच्या शब्दांत नको, त्यांच्या शब्दांत.

कल्याणी : "अर्जदारावर कोणत्याही न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला आहे का?" खाली दोन चौकोन. हो आणि नाही. एकावर क्लिक केल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही, मॅडम.

श्यामला : मग काय केलंत?

कल्याणी : लॅपटॉप बंद केला.

श्यामला : छान. लॅपटॉपचा प्रश्न सुटला. तुमचा राहिला.

कल्याणी : नर्सिंगचा कोर्स झाला, परीक्षा पास झाले, खराडीच्या एका हॉस्पिटलमध्ये इंटरव्ह्यूसुद्धा झाला. ते म्हणतात, नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर आणा आणि जॉइन व्हा. एवढ्यावरच अडलंय. आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. ऑनलाइन फॉर्म भरून देणारा पोपट म्हणून एक जण आहे, तो म्हणाला, बिनधास्त 'नाही' करा, कोण बघतंय. आमच्या ट्यूटर मॅडम म्हणाल्या, 'हो' लिहिलंस तर अडकशील, 'नाही' लिहिलंस तर जास्त अडकशील, आणि मला विचारलं होतंस हे कुणाला सांगू नकोस. अप्पा म्हणतात, केसच नाही, ती तेव्हाच मिटली.

श्यामला : अप्पा म्हणजे वडील?

कल्याणी : हो. मांजरीला असतात. तेव्हाचा वकील त्यांनीच केला होता. तो म्हणाला मिटली, म्हणून अप्पा म्हणतात मिटली.

श्यामला : मिटलीबिटली काही नाही. मी शिवाजीनगर कोर्टातून निकालाची नक्कल काढलीय. ऐका. "आरोपी कल्याणी भीमराव ओव्हाळ, वय वीस, हिने आपल्या बहिणीचा पती समाधान खरात याच्या डोक्यात लोखंडी तवा मारून दुखापत केल्याचा गुन्हा स्वेच्छेने कबूल केला."

कल्याणी : स्वेच्छेने?

श्यामला : असं लिहिलंय. जजसाहेबांनी तुम्हाला विचारलं असणार.

कल्याणी : विचारलं होतं. गुन्हा कबूल आहे का? मी हो म्हटलं. मग विचारलं, कुणाच्या दबावाखाली बोलत नाही ना? तेव्हाही मी हो म्हटलं. म्हणजे दबाव आहे म्हणून हो की नाही म्हणून हो, ते मलाच कळलं नव्हतं.

श्यामला : साहेबांना कळलं. त्यांनी लिहून टाकलं. पुढे असं आहे की, वय लहान, पहिलाच गुन्हा, म्हणून तुरुंगात न पाठवता वर्षभर चांगलं वागण्याच्या हमीवर सोडलं.

कल्याणी : हो, ते माहितीये. एका ऑफिसात जाऊन सही करायला लागायची. तिथले सर विचारायचे, काय, नीट वागतेस ना? मी म्हणायचे, हो. तेवढंच.

श्यामला : तेवढंच. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा झाली नाही. आणि अशा रीतीने सुटलेल्या माणसाला त्या गुन्ह्यामुळे अपात्र ठरवता येत नाही, असं कायदा सांगतो.

कल्याणी : मग मी गुन्हेगार आहे की नाही?

श्यामला : चौकोनात आहात. परिणामात नाही.

कल्याणी : मॅडम, सॉरी, पण मला खरंच काही कळत नाहीये.

श्यामला : अहो, सगळ्यांना लगेच कळलं असतं तर आम्ही वकिलांनी काय केलं असतं? हे बघा. 'हो' वर टिचकी मारायची. 'नाही' लिहून सापडलात तर तवा बाजूला राहील आणि खोटं बोलल्याबद्दल नंबर जाईल. 'हो' लिहायचं, हा निकाल जोडायचा, आणि काय घडलं त्याची हकीकत जोडायची. हकीकत तुमच्या तोंडून हवी. सांगा.

कल्याणी : ताईच्या घरी गेले होते. नंदाताई, माझी मोठी बहीण. दाजी तिला मारत होते. तिचं डोकं ओट्यावर दाबून धरलं होतं. गॅस चालू होता. मी शेजाऱ्यांना हाका मारल्या, ते दाराच्या फटीतून बघत होते. मग जवळ तवा होता.

श्यामला : तापलेला?

कल्याणी : नाही. धुऊन ठेवलेला.

श्यामला : बरं झालं. मारून पळालात?

कल्याणी : नाही. दाजी खाली बसले, कपाळातून रक्त यायला लागलं. ताई ओरडायला लागली. मी टॉवेल घेतला आणि दाबून धरला. रिक्षातून ससूनपर्यंत तसाच धरून होते. हाताला मुंग्या आल्या पण सोडला नाही. तिथल्या सिस्टरनी टॉवेल काढून बघितलं आणि विचारलं, हे दाबून कुणी धरलं होतं? मी म्हटलं, मी. तेवढ्यात पोलीस आले, त्यांनी विचारलं, मारलं कुणी? मी म्हटलं, मी. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

श्यामला : आणि नर्सिंग?

कल्याणी : त्या सिस्टर म्हणाल्या, बरं केलंस, शिकतेस का कुठे? तेव्हा मी एका म्हाताऱ्या आजींकडे दिवसभर सांभाळायला जात होते, बारावी करून बसले होते. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग शीक. मला तोपर्यंत कुणी 'शीक' असं म्हणालं नव्हतं. नंतर दोन वर्षं सांभाळण्याचं काम करून फी साठवली.

श्यामला : हे लिहा. असंच्या असं. मी फक्त शुद्धलेखन बघेन. आता एक मला समजत नाहीये. एवढं सगळं असताना कबूल का केलंत? बचाव चांगला होता. बहीण साक्षीला उभी राहिली असती तर सुटला असतात.

कल्याणी : तेच ना.

श्यामला : तेच म्हणजे?

कल्याणी : ताई उभी राहिली असती.

श्यामला : अच्छा.

कल्याणी : केस चालली असती तर तिला बोलावलं असतं. ती खरं बोलली असती तर घरी गेल्यावर तिचं काय झालं असतं? आणि खोटं बोलली असती तर... तर मी ते ऐकत तिथंच उभी राहिले असते ना? मला दोन्ही नको होतं. मॅडम, हे ताईला माहीत नाही. ती आत्ता येईल. तुम्ही बोलावलंत म्हणून मी तिला यायला सांगितलंय. प्लीज हे तिच्यासमोर काढू नका.

श्यामला : मी वकील आहे, आत्याबाई नव्हे. नाही काढणार. या, या. दार उघडंच आहे. ओढा ते, अडकतं जरा.

नंदा : जयभीम. उशीर झाला. हडपसरला गाडीच हालंना. कलू, किती वाळलीस गं.

कल्याणी : ताई, ह्या श्यामला मॅडम. बस ना. पाणी घे.

नंदा : बसते. पर मला लवकर निघायचं हाय. बँकेत जाते म्हनून सांगून आलेय घरी.

श्यामला : बसा. तुमच्याकडून एक प्रतिज्ञापत्र हवंय. त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत तेवढंच. मात्र एक अडचण आहे. तेव्हा पोलिसांनी तुमचा जबाब लिहून घेतला होता. त्यात असं आहे, "बहिणीचा व पतीचा स्वयंपाकावरून किरकोळ वाद झाला. मी आतल्या खोलीत होते. मी काही पाहिले नाही."

नंदा : आतली खोलीच न्हाई आमाला. एकच खोली हाय.

श्यामला : मग हे काय?

नंदा : ते हवालदारानं लिवलं. सासूबाई जवळच उभ्या हुत्या. मी नुस्ती मान हालवली.

श्यामला : बरं. तो जबाब शपथेवर नव्हता, त्यामुळे फार बिघडत नाही. आज शपथेवर लिहायचंय. मी बोलते, चुकलं तर थांबवा. "मी नंदा समाधान खरात, राहणार मांजरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझे पती मला मारहाण करीत..." करीत असत, की करतात?

नंदा : काय?

श्यामला : करीत असत, की करतात?

नंदा : त्यानं काय फरक पडतोय?

श्यामला : मराठीत पुष्कळ पडतो. कोर्टात त्याहून जास्त.

कल्याणी : 'असत' लिहा मॅडम. दाजी आता बदललेत. दारू सोडली त्यांनी, केव्हाच.

श्यामला : मी ह्यांना विचारतेय.

नंदा : सोडलीय. खरंच सोडलीय. थेंब घेत न्हाई. लोक नाव काढतात.

श्यामला : मी दारूचं विचारलं नाही.

कल्याणी : ताई?

नंदा : 'असत' लिवा की. हिचं काम झाल्याशी मतलब.

कल्याणी : ताई, माझ्याकडे बघ.

नंदा : काय बघू? दारू सोडल्यापासनं तोंडावर न्हाई मारत. ते सोडलं त्यानं. कामावर जायचं असतं ना मला, लोक बघतात.

कल्याणी : म्हणजे?

नंदा : म्हंजे काय म्हंजे? तू नर्स झालीस ना? कळंना का तुला?

कल्याणी : पण तू म्हणालीस बदलले. दर वेळी फोनवर म्हणालीस. दिवाळीला मी आले तेव्हा त्यांनी स्वतः चहा केला होता!

नंदा : करतो. चहा चांगला करतो. खोटं न्हाई सांगितलं. मला पन वाटायचं, दारूमुळं हुतंय सगळं. दारू सुटली की सुटंल. दारू सुटली. मग मला कळंना, आता कशामुळं? कुनाला इचारू? सासूबाईंना इचारलं तर म्हनल्या, आता तर पेत बी न्हाई, आता काय तक्रार हाय तुझी?

कल्याणी : आणि तुझी पिंकी?

नंदा : अभ्यासाला बसली की कानात ते हेडफोन घालून बसते, तू दिलेलं. मी रागावले, गानी ऐकत कसला अभ्यास करते. तर म्हनली, मम्मी, गानं लावलेलंच न्हाई.

कल्याणी : मग मी कशासाठी... मॅडम, मी कशासाठी हो म्हणाले तेव्हा?

नंदा : कशाला हो म्हनलीस?

कल्याणी : काही नाही.

नंदा : कलू, कशाला हो म्हनलीस?

कल्याणी : गुन्हा कबूल केला, कोर्टात. तुला उभं राहायला लागू नये म्हणून. वाटलं, तू घरी नीट राहशील. तुझं तरी नीट होईल.

नंदा : मला तर वाटलं, अप्पांच्या वकिलानं सांगितलं म्हनून केलं.

कल्याणी : त्याने उलट सांगितलं होतं. तो म्हणाला, बहिणीला उभी करू.

नंदा : तुला कुनी सांगितलं हुतं गं असला शहानपना करायला? मला एकदा इचारायचं तरी!

कल्याणी : विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?

नंदा : म्हाईत न्हाई.

कल्याणी : आली असतीस साक्षीला?

नंदा : म्हाईत न्हाई म्हनते ना! न्हाई म्हाईत मला. कदाचित आले असते. आता तू मला ते बी कळू दिलं न्हाईस.

श्यामला : पाणी प्या दोघी. मी टायपिंग थांबवलंय, घाई नाही. नंदाबाई, माझं काम एवढंच, की शपथेवर खोटं जाऊ नये. 'असत' मला लिहिता येणार नाही, तुम्ही आत्ताच मला वेगळं सांगितलंत.

नंदा : मग 'करतात' लिवलं तर तो कागद कुनाकुनाकडं जाईल?

श्यामला : कौन्सिलकडे. तिथून कुठे जाईल, मी सांगू शकत नाही.

कल्याणी : नको मॅडम. प्रतिज्ञापत्रच नको. मी माझं माझं लिहीन. नंबर नाही मिळाला तर नाही. आजी-आजोबांना सांभाळायचं काम मिळतंच.

नंदा : गप बस तू. परत सुरू झालं हिचं. बाई, कायतरी तिसरं असंल ना? असत बी न्हाई आन करतात बी न्हाई?

श्यामला : आहे. "घटनेच्या दिवशी माझे पती मला मारहाण करीत होते." त्या एका दिवसाचं. तेही खरंच आहे.

नंदा : त्याच्यात आजचं येत न्हाई?

श्यामला : येत नाही. त्यापुढे, "माझे डोके ओट्यावर दाबून धरले होते."

नंदा : डोकं न्हाई. मान. मान धरली हुती. आन केस जळाले हुते हितले, कानामागचे. ते लिवा. आन हिनं मारल्यावर त्याचं रक्त हिनंच थांबवलं, ते लिवा. मी तर नुस्ती वरडत हुते. ते बी लिवा पायजे तर.

श्यामला : लिहिते. वाचून दाखवते, मग सही. ओळखपत्र आणलंय?

नंदा : आनलंय. बाई, दुसरं काय लिवायचं झालं कधी... आजचं... तर बँकेत जाते म्हनून किती वेळा यावं लागंल?

श्यामला : एकदा. फार तर दोनदा. आणि यायच्या आधी फोन केलात तर मी हडपसरला येईन. माझी बहीण राहते तिथे. तिचं आणि माझंही पटत नाही, पण जागा मोठी आहे.

(दिवाळीनंतर. दुपारी उशिरा, पुणे स्टेशनबाहेर. कौन्सिलच्या समितीसमोरची सुनावणी आटोपून दोघी बहिणी मुंबईहून परतल्या आहेत.)

नंदा : तोंड का असं? दिला ना त्यांनी नंबर?

कल्याणी : देणार म्हणाले. पत्र येईल. पण वर्षभर हॉस्पिटलकडून रिपोर्ट पाठवायचा, माझ्या वागण्याचा.

नंदा : परत वर्षभर नीट वागायचं?

कल्याणी : परत.

नंदा : मग हस की जरा.

कल्याणी : मला आनंद झालाय का तेच कळत नाहीये, ताई.

नंदा : भूक लागली असंल. तुला आत एकटीला काय काय इचारलं?

कल्याणी : पेशंटने अंगावर हात टाकला तर काय करशील? मी म्हटलं, मागे होईन, मदत बोलवेन. एक सर म्हणाले, मग त्या दिवशी मदत का नाही बोलावली? मी म्हटलं, बोलावली होती, मदत दारात उभी राहून बघत होती. ते काहीतरी लिहीत बसले. चांगलं लिहिलं की वाईट, काय माहीत. मग म्हणाले, पश्चात्ताप होतो का?

नंदा : मग?

कल्याणी : मी म्हटलं, जखमेचा होतो. समितीतल्या बाई म्हणाल्या, म्हणजे हो का? मी म्हटलं, मॅडम, मला खरंच सांगता येत नाही. वाटलं, गेलं सगळं. तर त्यांनी तुला आत बोलावलं. तुला काय विचारलं? बसमध्येसुद्धा बोलली नाहीस.

नंदा : कागद वाचला त्यांनी. खरं हाय का? म्हनलं, हाय. मग त्या बाई म्हनल्या, आज तुमचे पती कुठे आहेत, त्यांना माहितीये का तुम्ही आलात?

कल्याणी : बँक सांगितलंस?

नंदा : न्हाई. काल रात्रीच खरं सांगितलं हुतं घरी. मुंबईला चालले, कलूच्या कामाला. म्हनला, जा. त्यांना सांग, मी माफ केलंय तिला.

कल्याणी : माफ केलं?

नंदा : असंच म्हनला. मन मोठं करून. मी ते तसंच सांगितलं आत. तर सगळी एकमेकांची तोंडं बघाय लागली. मग त्या बाईंनी हळूच इचारलं, आता घरी सगळं ठीक आहे ना? कलू, मी 'हो' म्हननार हुते. घरून ठरवून आले हुते, तुझ्या कामात माझं नको म्हनून. तोंड उघडलं आन 'न्हाई' आलं.

कल्याणी : ताई.

नंदा : कसं आलं काय कळंना. मीच दचकले. त्यांनी पान्याचा गिलास पुढं केला. म्हनल्या, ते आमच्या कामात येत नाही, आम्ही लिहीत नाही, पण तुम्ही बोललात ते बरं झालं. बाहेर येऊन श्यामलाबाईंना फोन केला मी. तू सही करत हुतीस तवा.

कल्याणी : त्या काय म्हणाल्या?

नंदा : म्हनल्या, आज कुठं राहणार? मी म्हनलं, का, घरी. तर म्हनल्या, मी पत्ता विचारला नाही, मी विचारतेय की कुठे राहणार? मी फोन ठेवला.

कल्याणी : माझ्या चंदननगरच्या खोलीत दोघी आहोत आम्ही. ती रूममेट नाइट ड्युटीला असते या आठवड्यात. गादी खाली टाकू. मालकीण कटकट करेल, करू दे. पण ताई, मी काही सांगत नाहीये तुला. या वेळी मी काहीच ठरवणार नाही. तू म्हणशील ते.

नंदा : मी काय म्हनते तेच मला कळंना गं. घरी दूध तापवून ठिवलंय. त्याची डब्याची पिशवी धुवायचीय. असलंच डोक्यात येतंय.

कल्याणी : येऊ दे.

नंदा : आज न गेले तर उद्या जाताच यायचं न्हाई.

कल्याणी : असेल.

नंदा : तू 'असेल' काय म्हनतेस? कायतरी सांग ना.

कल्याणी : नाही सांगणार. रिक्षा थांबवू फक्त? ओ दादा!

रिक्षावाला : बोला ताई, कुठं?

कल्याणी : मांजरी, नाहीतर चंदननगर. ताई, ते विचारतायत.

रिक्षावाला : मांजरी असंल तर तिकडून, खराडी-चंदननगर असंल तर हिकडून. लवकर सांगा, मागं गाड्या उभ्या हायत.

नंदा : आधी मांजरी. शाळेपाशी थांबायचं जरा, पोरीला घ्यायचंय. मग मुंढव्यावरनं चंदननगर.

रिक्षावाला : आन परत मांजरी?

नंदा : न्हाई.